साहेबांच्या सीटची खोळ

चंद्रप्पा मूळचा उदगीरचा. तिथं तो टांग्यांच्या गाद्या भरायचा. लातूर जिल्हा झाला तेव्हा त्याच्या बायकोनं, लक्ष्मम्मानं, त्याला सांगितलं, "आता साहेब लोक येतेत, त्यांच्या मागं गाड्या येतेत. साहेब काय उभ्यानं फिरनार हायत का?" चंद्रप्पानं सुया आणि काथ्याची पोती उचलली आणि आमच्या गल्लीत, माझ्या घराला लागून, गाड्यांच्या सीटा भरायचं दुकान टाकलं. बायकोचं म्हणणं खरं निघालं. नव्या जिल्ह्यात प्यायला पाणी नव्हतं, पण बसायला गाड्या आल्या.

चार वर्षांनी दुष्काळ पडला. नळाला आठ-आठ दिवस नुसती हवा यायची. दुष्काळी गावांची पाहणी एका खात्याकडं होती. खात्याचं नाव सांगत नाही, त्यातले दोघं-तिघं अजून पेन्शन खातात. त्यांच्याकडं एक जुनी ॲम्बॅसडर आणि एक नवीकोरी व्हॅन. पाहणीला कोणती न्यायची, यावर महिनाभर फाइल फिरत होती. मोठे साहेब म्हणत, ॲम्बॅसडरमध्ये मागं तिघं बसले की मधल्याचे पाय उंचवट्यावर आणि गुडघे छातीला. छोटे साहेब म्हणत, व्हॅनमध्ये पाठ काठीसारखी ताठ धरावी लागते, आणि पुढच्या सीटखाली इंजिन असल्यानं बूड भाजतं. शेवटी मापं घ्यायचं ठरलं आणि चंद्रप्पाला टेप घेऊन बोलावणं आलं.

त्यानं साहेबांना आळीपाळीनं दोन्ही गाड्यांत बसवलं. गुडघ्यापुढची जागा मोजली, डोक्यावरची मोजली, आणि मोठ्या साहेबांची बसती रुंदी दोनदा मोजली, कारण पहिल्यांदा त्याचा स्वतःवरच विश्वास बसला नाही.

"काय निघालं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"ॲम्बॅसडरमंदी मागं दोन साहेब मावतेत. व्हॅनमंदी आठ मानसं मावतेत, साहेब एकबी न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजे व्हॅनची सीट मागं सरकवून नव्यानं भरावी लागंल."

पहिलं बोलणं साहेबांच्या डोक्यावरून गेलं, दुसरं आवडलं. व्हॅनच्या सीटा काढून दुकानात आल्या. वर पांढरी खोळ पाहिजे, असा हुकूम सुटला.

कोरं मांजरपाट आधी पाण्यात भिजवून आटवावं लागतं, नाहीतर शिवलेली खोळ पहिल्याच धुण्यात आखडते. चंद्रप्पा कामाला चोख. शिपाई रोज विचारायला यायचा आणि हा रोज म्हणायचा, "पानी आलं की भिजवतो." पाचव्या दिवशी शिपायानं ते साहेबांच्या कानावर घातलं. सहाव्या दिवशी सकाळी गल्लीत टँकर उभा!

पाण्यासाठी आम्ही तीन अर्ज केले होते. एकाचंही उत्तर नव्हतं. टँकर आला तो साहेबांच्या बुडाखालचं कापड भिजवायला. चंद्रप्पानं दोन बादल्या घेतल्या, बाकीचं गल्लीनं भरून घेतलं.

दुपारी लक्ष्मम्मा म्हणाली, "अवो, कापड एका पान्यात आटतंय का?"

"आटतंय की."

"मला न्हाई वाटत."

धंद्यात खोटं बोलायची चंद्रप्पाला सवय नव्हती. पण दारासमोर भरलेल्या घागरींची रांग होती. त्यानं मान खाजवत निरोप धाडला, अजून एक पाणी लागेल. दुसरा टँकर आला. मग पाठीच्या खोळींसाठी तिसरा, डोक्याच्या उशांसाठी चौथा. शिपाई दिसला की चंद्रप्पा खाली बघून सुई ओवत बसायचा, पण निरोप तोच जायचा.

तोवर चार साहेब एका ॲम्बॅसडरमध्ये कोंबून दुष्काळ बघून येत होते. मोठे साहेब कंबर धरून एक दिवस स्वतःच दुकानात आले. सीट केव्हाच तयार झाली होती, आणि तिच्यावर शेजारची तुळजाबाई ज्वारी निवडत बसली होती.

"बसा की साहेब," ती जरा सरकून म्हणाली. "लई मऊ झालीया."

साहेब बसले नाहीत. सीटा त्याच दिवशी गेल्या, टँकर बंद झाला, आणि चंद्रप्पाला यापुढं काम द्यायचं नाही असा कागद निघाला.

"तुझ्या पान्यापायी माझी रोजी गेली," तो दोन दिवस लक्ष्मम्मावर धुसफुसत राहिला. तिसऱ्या दिवशी तिनं आणि तुळजाबाईनं गल्लीतल्या बायका गोळा केल्या आणि रिकाम्या घागरी घेऊन त्या खात्याचं ऑफिस गाठलं. साहेब पाहणीला निघायच्या बेतात होते. दोन्ही गाड्या दारात, दारं उघडी. बायका आत शिरल्या. ॲम्बॅसडरमध्ये घागरींसकट नऊ, व्हॅनमध्ये सोळा.

"उतरा खाली! सरकारी गाडी आहे ही!" मोठे साहेब ओरडले.

"मंग आमी कुनाच्या हाव?" आतून तुळजाबाईनं विचारलं. "टँकर सुटूस्तोर उतरत न्हाई. सीट झकास हाय, आमाला काय घाई न्हाई."

बातमी ऐकून चंद्रप्पा धावत गेला, बायकोला घरी आणायला. व्हॅनच्या दारातून त्यानं आत बघितलं. सोळा जणींखाली त्याची सीट होती. त्यानं हात घालून कडेची शिवण चाचपली.

"एकबी टाका न्हाई उसवला," तो लक्ष्मम्माला म्हणाला. मग घरी चल म्हणायचं विसरून तिथंच सावलीला बसला.

चार वाजता टँकर सुटला. तो उन्हाळाभर दर चौथ्या दिवशी येत राहिला. फाइलचाही निकाल लागला. साहेबांनी लिहिलं, व्हॅन पाहणीस योग्य नाही, कारण तीत लोक फार मावतात. सबब दुसरी ॲम्बॅसडर मिळावी. ती मिळाली.

चंद्रप्पाला सरकारी काम परत मिळालं नाही. तो ट्रॅक्टरच्या आणि नांदेडला जाणाऱ्या जीपांच्या सीटा भरू लागला, आणि हात चालत होते तोवर भरत राहिला. लक्ष्मम्मा पुढं आमच्या गल्लीतून नगरपालिकेला उभी राहिली, आणि पडली.