पांढरं कार्ड

मूल गावाच्या आसपासच्या बौद्ध वस्त्यांत हल्ली मुलगी पाहायला पाहुणे आले की पोहे मागून येतात, आधी सिकलसेलची कार्डं समोर ठेवायची. पांढरं म्हणजे रक्त निर्दोष. पिवळं म्हणजे दोष अंगात आहे, पण त्रास नाही. लाल म्हणजे आजारी. पिवळ्याला पिवळं जुळवायचं नाही, कारण तसल्या जोडप्याचं लेकरू लाल निघू शकतं. पत्रिका या लोकांनी छप्पन सालीच सोडल्या. ही कार्डांची रीत मात्र पाडली सत्यशीलाबाईंनी, आणि ती पाडताना त्यांनी काय कमी शिव्या खाल्ल्या?

बाई मूलच्या सरकारी दवाखान्यात लॅब सांभाळायच्या. नवरा सोमाजी धानाच्या बांधीत साप चावून गेला, तेव्हा पोरगी संघप्रिया चार वर्षांची होती. कार्डं तेव्हा निघायचीच होती, त्यामुळे सोमाजीचं रक्त कधी कोणी तपासलंच नाही. बाईंनी एकटीने पोर वाढवली. स्वभाव तिखट, पण शिकवायला बसल्या की ऐकत राहावं.

"लाल पेशी म्हणजे राइस मिलचे हमाल," शाळेत पोरांना सांगायच्या. "छातीतून हवा उचलायची अन् अंगभर पोचवायची. एकशेवीस दिवस राबतात अन् मरतात. पांढऱ्या पाच जातीच्या. कोणी जंतू खाते, कोणी जुना दुश्मन ध्यानात ठेवते, कोणी मेलेलं साफ करते, कोणी पोटात जंत झाले का वाढते, अन् पाचवी शंभरात एखादी दिसली तर दिसली. प्लेटलेट इवल्याशा, पण जखम झाली का जाऊन चिकटतात. त्या नसत्या तं तुमचं ढोपर फुटल्यावर रक्त थांबलंच नसतं." मग सिकलसेल. गोल हमाल विळ्यासारखा वाकतो, बारीक नसेत अडकतो, मागचे सारे तटतात, आणि हाडं ठणकतात. शेवटी एक ताकीद ठरलेली: "कोणाले रक्त चढवलं असन तं चार महिने ही टेस्ट करायची नाई. नळीत पाहुणे दिसतात, घरचे नाई."

संघप्रिया वरोऱ्याला दिली होती. जावई राजदीप पिवळ्या कार्डाचा, पण पोरीचं पांढरं. मग भ्यायचं काय? लग्न झालं, विक्की झाला. पंधरा महिन्यांच्या त्या लेकराचे एका सकाळी दोन्ही हात आणि पाय टरारून सुजले. काहीतरी चावलं म्हणून सासू गिरजाबाईंनी तेल चोळलं, तर पोर किंचाळून निळं पडलं. तिसऱ्या दिवशी सासू-सून त्याला घेऊन मूलला आल्या.

बाईंनी नळीत रक्ताचा थेंब टाकला आणि मागे रेघांचा कागद धरला. रेघा दिसल्या तर रक्त साफ. रेघा दिसल्या नाहीत. पिवळ्याचीही नळी अशीच गढूळ होते, म्हणून त्यांनी काचेवर थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. विळेच विळे. लॅबमधली दुसरी बाई, पुनम, हिनेही पाहिलं आणि मान खाली घातली.

असलं लेकरू एकट्या बापाच्या दोषाने होत नाही, आईतही तो असावा लागतो. आणि मग बाईंना आठवलं. लग्नाच्या आदल्या वर्षी संघप्रियाची स्कूटी ट्रॅक्टरखाली गेली होती. सात बाटल्या रक्त चढवलं होतं. बाराव्या दिवशी वस्तीत सिकलसेल तपासणीचं शिबिर लागलं. मरणाच्या दारातून आलेली पोर रांगेत बसलेली पाहून बाईंना आनंद मावेना; हसत हसत तिचंही बोट टोचलं आणि स्वतःच्या हाताने पांढरं कार्ड भरलं. साऱ्या जगाला ओरडून सांगितलेला नियम घरच्या लेकीला लावायचा राहिला.

लेकरू लाल निघाल्याचं बाहेर कळलं होतं, आणि बाकावर गिरजाबाईंचा आवाज चढला होता. "माय लॅबवाली. कार्ड घरीच बनवलं असन."

"बाई, त्या वेळची किट खराब होती म्हणा," पुनम हळूच म्हणाली. "कोण पाह्यते?"

बाईंना तेच म्हणावंसं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, मोह झालाच. बावीस वर्षांचं नाव होतं, आणि एकुलती एक पोर होती. पण तसं म्हटलं तर वस्तीतलं प्रत्येक कार्ड खोटं ठरलं असतं. त्या बाहेर आल्या.

"किट चांगली होती. चूक माही आहे. संघप्रियाले काही माहीत नव्हतं." आणि त्यांनी सगळं सांगितलं.

गिरजाबाईंनी तोंडाला पदर लावला. संघप्रिया रडली नाही. लेकराला खांद्यावर थोपटत तिने विचारलं, "किती दिवस झाले होते रक्त चढवून?"

"बारा."

"तू तं शाळेत शिकवत होती हे. मीच पहिल्या बाकावर बसत होतो." मग लेकराला दुसऱ्या खांद्यावर घेत, "मले दोन महिने झाले, आई. तेच सांगाले येणार होतो."

पोटातल्या बाळाचीही तपासणी होते, पण त्यासाठी नागपूर गाठावं लागणार होतं, तेही लवकर. आणि त्याआधी पोरीचं रक्त, या वेळी खरं. त्या आत गेल्या आणि सुई, पट्टा घेऊन आल्या.

संघप्रियाने लेकरू सासूकडे दिलं आणि बाही वर सारली. आई पट्टा बांधायला वाकली, तसा तिने हात मागे घेतला.

"तू नोको. पुनमबाईले सांग."

सत्यशीलाबाईंनी पट्टा पुनमच्या हातात दिला आणि दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.