मावेन का?

ही गोष्ट लिहायची मी आजवर टाळत आलो. त्याच्याबद्दल बोललोच नाही असं नाही. उलट फार बोललो. कारखान्यातले जुने लोक जमले, कुणाच्या मुलीचं लग्न निघालं की त्याचा विषय हटकून यायचा आणि किस्से सांगायला मीच पुढे व्हायचो. लोक हसायचे. त्यातला एक किस्सा खोटा आहे. तो मी इतक्या वेळा सांगितला, की तो खोटा आहे हे माहीत असलेला माणूस आता मी एकटाच उरलोय. मी गेलो की तो खरा होऊन बसेल.

त्याचं नाव लिहीत नाही. मुलं आहेत, नातवंडं आहेत. आम्ही त्याला नाना म्हणायचो, तेवढं पुरे.

कुठल्याही खोलीत शिरण्याआधी नाना दारात थांबायचा. दोन्ही हात चौकटीला टेकवायचा, पोट जरा पुढे काढायचा आणि आतल्यांना विचारायचा, "मावेन का?"

आत मॅनेजर असो की तेराव्याला जमलेली माणसं, प्रश्न तोच. तुम्हीही असे लोक पाहिले असतील. आपल्या देहावरचा पहिला विनोद ते स्वतःच करून टाकतात. दुसऱ्याला संधी मिळू नये म्हणून करतात, हे मला फार उशिरा कळलं.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पंपांचा कारखाना होता. मी ड्रॉइंग ऑफिसात, नाना स्टोअर्सला. जाळीच्या खिडकीमागे तो बसला की खिडकी भरून जायची. बोल्ट मागायला गेलेला माणूस बोल्ट आणि एक नक्कल घेऊन परत यायचा. जेवणाच्या सुट्टीत त्याचा चार पुडांचा डबा उघडला की पहिल्या दोन पुडांत दाबून भरलेला भात, तिसऱ्यात बांगड्याचं तिखलं आणि चौथ्यात सुरणाचे काप. शिवाय बाटलीतून सोलकढी. ते संपेपर्यंत त्याचा डावा हात आमच्या डब्यांत फिरत असायचा. "जरा चव बघतो हं," म्हणायचा.

"नाना, मेल्या, चव बघतोस की पंचनामा करतोस?" आमचा परब ओरडायचा. परब कारखान्यातला सुतार, ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी पॅटर्न बनवायचा. आमच्या नाट्यमंडळाचे सेटही तोच ठोकायचा.

मंडळ माझं. म्हणजे नाटक मी लिहायचो, मी बसवायचो, आणि मुख्य कामही बहुतेक मीच करायचो. सगळे मला मास्तर म्हणायचे. दरवर्षी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत आम्ही उतरायचो आणि नाना आमचा हुकमी एक्का. त्याला मी कधी जाडा घरमालक करायचो, कधी जाडा हवालदार, कधी जाडा मेव्हणा. सेटवर एक दार मी मुद्दाम अरुंद ठेवायला सांगायचो. नाना त्यात अडकायचा, आडवा व्हायचा, चौकटीला हात टेकवून प्रेक्षकांना विचारायचा, "मावेन का?" थिएटर कोसळायचं. एवढं झालं की मला पुढे त्याला फारशी वाक्यं लिहावी लागत नसत.

अशाच एका प्रयोगानंतर तो तोंडावरचा रंग खोबरेल तेलाने पुसत बसला होता. आरशात बघतच म्हणाला, "मास्तर, एकदा लोकांना रडवायचंय."

मी हसलो. तो हसला नाही.

"तुझ्या नव्या नाटकात बाप आहे ना? मुलगा जातो तो? परब सांगत होता. मला दे ना."

"नाना, तू स्टेजवर मेलास तरी लोक टाळ्या वाजवतील," मी म्हणालो. "आधी बारीक हो. बारीक झालास की बाप तुझा."

"शब्द?"

"शब्द."

विषय संपवायला दिलेला शब्द तो. नाना बारीक होणं शक्यच नव्हतं, म्हणून मी बिनधास्त देऊन टाकला.

दुसऱ्या आठवड्यात डबा दोन पुडांचा झाला. एकात नाचणीची भाकरी, दुसऱ्यात पालेभाजी आणि काकडी. आम्ही सगळे त्या डब्याकडे बघत राहिलो. परब म्हणाला, "काय रे, वहिनी माहेरी गेली?"

"भात सोडला," नाना म्हणाला. "घरात सुतक असल्यासारखं झालंय. आई बोलत नाही माझ्याशी. म्हणते, भात सोडतो तो कसला मालवणी?"

कारखान्यात येणाऱ्या डॉक्टरांना तो विचारून आला होता. भात, तळलेलं, खोबरं, साखर, सगळं हळूहळू कमी कर, घाई करू नकोस, असं त्यांनी सांगितलं होतं. कुणी म्हणालं, त्यापेक्षा पळ सकाळी. त्यावर नाना म्हणाला, "गेलो होतो ना वर्सोव्याला. वाळत घातलेले बोंबील बघितले, भूक लागली, रिक्षा करून परत आलो. पळणं आपलं काम नाही. गुडघे ऐकत नाहीत रे. तोंड ऐकेल."

आणि तोंडाने ऐकलं. चहा बिनसाखरेचा झाला. बांगडा तव्यावरून उतरून पातेल्यात गेला. तालमीला बटाटेवडे यायचे तेव्हा तो पुडा नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा, म्हणायचा, "जरा वास बघतो हं," आणि पुढे सरकवायचा. आम्ही खो खो हसायचो. चिडवायला मी एकदा मुद्दाम दोन वडे त्याच्यासमोर ठेवले. त्याने ते उचलून माझ्याच हातावर ठेवले. "शब्द दिलायस ना मास्तर?" एवढंच म्हणाला.

पट्ट्याला तो स्टोअर्समधल्या पंचने नवी भोकं पाडायचा. जिना चढताना थांबेनासा झाला. आम्ही त्या वर्षी दुसरंच एक नाटक केलं, त्यात नेहमीचं दार होतं. नाना अडकला, पण अडकायला त्याला कष्ट पडले.

पुढच्या पावसाळ्यानंतर तो एका सकाळी ड्रॉइंग ऑफिसच्या दारात उभा राहिला. हात चौकटीला. दोन्ही बाजूंना जागा होती. "मावलो बघ," म्हणाला, आणि खिशातून वजनाचं तिकीट काढून माझ्या टेबलावर ठेवलं. स्टेशनवरच्या यंत्राचं, जाड पुठ्ठ्याचं. ते उलटं करून त्याने मागचं भविष्य दाखवलं. "तुमच्या कष्टाचे चीज होईल. वाच."

आता मला नाही म्हणायला जागा नव्हती. बाप त्याला दिला.

आता त्या तालमीबद्दल लिहितो. तिच्याबद्दलच मी खोटं बोलत आलोय.

तालीम कँटीनमध्ये, टेबलं बाजूला सारून. प्रसंग असा, की मुलाचा मृतदेह ओळखून बाप घरी परततो आणि दोरीवर वाळत असलेले त्याचे शर्ट काढून घड्या घालतो. वाक्य एकच, तेही शेवटी. परबने नेहमीच्या सवयीने अरुंद दार आणून ठेवलं होतं. नाना त्यातून सरळ आत आला. दोघे-तिघे हसले, सवयीने. त्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. दोरीवरचा शर्ट काढला. कॉलर सरळ केली. घडी घातली. मग ती घडी मोडली, शर्ट हातावर पसरला आणि पुन्हा तितक्याच शांतपणे घडी घातली. मी तसं लिहिलं नव्हतं. एखादी वस्तू परत ठेवायला जावं आणि ठेवणं जमू नये, तसं काहीतरी त्याच्या हातांत होतं.

प्रॉम्प्टिंगला बसलेल्या परबच्या हातातली वही खाली आली होती. कँटीनचा आचारी भांडी घासायचा थांबला होता. नानाने वाक्य म्हटलं तेव्हा कुणी हललं नाही.

नाटक माझं, तालीम माझी, आणि तेवढा वेळ त्या खोलीत मी नव्हतोच. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. परब डोळे पुसत नानाला म्हणाला, "रडवलंस मेल्या," आणि मी टाळी वाजवून पुढचा प्रसंग घ्यायला सांगितलं.

चार दिवसांनी मी स्टोअर्सच्या खिडकीशी गेलो. आसपास कुणी नाही असं बघून गेलो. म्हणालो, "नाना, नाही जमणार. लोकांच्या डोळ्यांत तू अजून तोच आहेस. तू आलास की हसतील. प्रसंग पडेल."

तो हातातला वॉशर फिरवत राहिला. मला वाटलं भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं.

"अजून थोडं कमी करू का?" त्याने विचारलं.

दोष त्याच्या अंगात आहे, असं त्याला वाटलं. ते वाटू देणं मला सोयीचं होतं. मी म्हणालो, "हो. अजून थोडं. पुढच्या वेळी बघू."

बाप मी केला. नानाला हवालदार देऊ केला. "तो कोट आता मला ढगळ होतो," म्हणून त्याने नको म्हटलं. स्पर्धेच्या दिवशी तो प्रेक्षकांत बसला होता. मी दोरीवरचा शर्ट काढला, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. अभिनयाचं पहिलं बक्षीस मला मिळालं. परीक्षकांनी त्या घडीचा खास उल्लेख केला.

नंतर तो रंगपटाच्या दारात आला. हात चौकटीला टेकवले. ते नेहमीचं वाक्य येईल म्हणून मी वाट बघत होतो. तो म्हणाला, "मस्त झालं मास्तर. फक्त कॉलर आधी सरळ करायची. विसरलास तू."

त्यानंतर तो मंडळात आला नाही. लोक विचारायला लागले तेव्हा मी सांगायला सुरुवात केली, "अहो, वजनाबरोबर त्याचा आवाजही उतरला. तालमीत वाक्यं विसरायचा. शेवटी मलाच उभं राहावं लागलं." लोक हसायचे. मग मी अरुंद दाराचा किस्सा सांगायचो. परबने एकदा माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि उठून गेला. परबही आता नाही.

नानाने पुढे नोकरी बदलली, बिऱ्हाड मुलुंडला नेलं. काही वर्षं गेली. एका रविवारी मी कामासाठी मुलुंडला गेलो होतो. मासळीबाजाराच्या तोंडाशी एका बाईने हाक मारली. हातात पिशवी, पिशवीत मांदेली.

"तुम्ही मास्तर मां? ओळखलंत नाय?" नानाची बायको होती. "घराक चला. ह्यांना किती आनंद होईल!"

वाटेत मी म्हणालो, "नाना कसाय? आता खात असेल पोटभर."

"कसला खाता?" ती म्हणाली. "भात म्हणून ताटात घेतला नाही सोडला त्या दिवसापासून. गणपतीत मोदकसुद्धा अर्धा. मी किती वेळा सांगितलं, आता पुरे. तर म्हणतात, मास्तरने सांगितलंय अजून थोडं. कधी बोलावणं येईल सांगता येत नाही."

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. नवऱ्याची एक गंमत सांगावी तसं सांगितलं. मी बाजारातला गोंगाट ऐकत चालत राहिलो.

नाना दारातच होता. केस पिकले होते, शर्ट खांद्यांवरून लोंबत होता. तब्येत म्हणाल तर ठणठणीत. मला बघून मागे सरकला. "ये, ये. मावशील!"

मला भात वाढला, मांदेलीचं तिखलं, तळलेली मांदेली. त्याच्या ताटात नाचणीची भाकरी आणि दुधी. जेवताना त्याचा डावा हात माझ्या ताटाकडे आला, मांदेलीच्या वर क्षणभर थांबला आणि मागे गेला. "नुसता वास," तो म्हणाला.

उरलेल्या वाटेत मी एक वाक्य जुळवलं होतं. पहिला घास घेताना ते बोलायचं ठरवलं, मग ताक आल्यावर, मग हात धुतल्यावर. त्याची बायको आत गेली. तो माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "नवीन काही बसवतोयस का रे?"

मंडळ बंद पडून वर्ष झालं होतं. मी म्हणालो, "बघू. पुढच्या वर्षी."

त्याचा चेहरा उजळला. दिसलं मला ते.

जिना उतरताना वळून पाहिलं. दारात उभा होता, दोन्ही हात चौकटीला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी घरातला उजेड बाहेर येत होता. मी हात केला आणि उतरलो. परत येईन म्हणालो, गेलो नाही. पुढच्या वर्षी तो हृदयविकाराने झोपेतच गेला, असं परबकडून कळलं.

अजूनही कधीकधी घरात असताना दारात कुणी उभं राहिल्यासारखं वाटतं. कुणी काही विचारत नाही. आत यायला तिथे भरपूर जागा असते. मग मी ते वाक्य मनात म्हणतो, त्या दिवशी बाजारापासून त्याच्या घरापर्यंत जुळवलेलं:

नाना, तालमीत तू माझ्यापेक्षा चांगलं काम केलंस, म्हणून मी तुला काढलं. तुझ्या वजनाचा काही संबंध नव्हता. माझं चुकलं रे. आता भात खा.