दादाची मुलाखत

आमच्या घरात कुणाचं वाक्य पुरं होऊ द्यायची पद्धत नाही. समोरच्यानं क्रियापदापर्यंत पोचायच्या आत त्याला उत्तर मिळतं, सल्ला मिळतो, प्रसंगी चहाही मिळतो. अशा घरातल्या माणसाला गप्प कसं बसायचं हे शिकवणं म्हणजे मांजराला दुधाची राखण शिकवण्यासारखं. पण वहिनी ते शिकून आली.

वहिनीनं चाळिशीला टेकताना कॉलेजात नाव घातलं. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत कॉलेजनं होतकरू विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचं शिबिर काढलं, त्यात हिची निवड झाली. वर्गातली बाकीची मंडळी विशीतली. ती हिला काकू म्हणत आणि डबा उघडला की पहिल्यांदा हिच्याकडे बघत. शेवटी ज्या तिघांचं काम चांगलं होईल त्यांना पुढचं वर्षभर शिबिर घेणाऱ्या बाईंच्या खऱ्या संशोधनात घेणार होते. त्या तिघांत यायचंच, असं वहिनीनं मनाशी पक्कं केलं होतं. तोंडानं मात्र "बघू" म्हणायची.

बाई मुलाखत घ्यायला शिकवायच्या. त्यांना सगळे हं-बाई म्हणत, कारण समोरचा काहीही बोलला तरी त्या फक्त "हं" म्हणत. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. माणूस थांबला तरी आपण थांबायचं. शांतता आपण भरायची नाही, ती समोरच्याला भरू द्यायची, हा त्यांचा मुख्य धडा. वहिनीनं तो पहिल्यांदा माझ्यावर करून पाहिला आणि मी कारण नसताना तिचा चार्जर मीच तोडल्याचं सांगून मोकळा झालो.

मग सरावासाठी एक पूर्ण मुलाखत आणायला सांगितली. विषय होता माणसाचं रोजचं काम. ओळखीचा नसलेला माणूस शोधा, असं बाईंनी बजावलं होतं. वहिनीनं दादा निवडला.

"अगं, नवरा ओळखीचा नाही होय?" मी विचारलं.

"भाऊजी, तुमचे दादा दिवसाला चार वाक्यं बोलतात. दहा मिनिटांत आटपेल."

दादा शाळेची बस चालवतो. शाळेला सुट्टी होती, त्यामुळे तो घरीच होता आणि वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसुद्धा वाचून संपवत होता. रविवारी दुपारी वहिनीनं त्याला टेबलापाशी बसवलं. मला हजर राहण्याची परवानगी होती, तोंड उघडण्याची नव्हती. तिनं रेकॉर्डिंग लावून फोन टेबलाच्या मधोमध ठेवला, घसा साफ केला आणि एक कागद मोठ्यानं वाचला, "तुम्ही सांगाल ते माझ्यापाशीच राहील. तुमचं नाव कुणालाही कळणार नाही."

"कळलं तर तुझंच आडनाव निघेल," दादा म्हणाला. त्याचं दिवसाचं पहिलं वाक्य तिथे खर्ची पडलं.

"तुमच्या कामाचा एक दिवस सांगा."

"सकाळी बस काढतो. मुलं घेतो. शाळेत सोडतो. संध्याकाळी उलट."

"हं," वहिनी म्हणाली आणि थांबली.

टेबलावर काही सांडलेलं नसतानाही दादानं डाग असल्यासारखी एक जागा पुसली. मी काहीतरी विनोदी बोलणार एवढ्यात वहिनीनं हात वर केला. पंखा फिरत होता. दादानं माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं.

"दाराकडची बाजू नीट दिसत नाही हल्ली," तो म्हणाला. "समोरचं दिसतं. बाजूचं जातं."

वहिनीनं "हं"सुद्धा म्हटलं नाही.

"मुलं उतरली की आवाजावरून अंदाज घेतो. सुट्टी लागायच्या आधी एक पोरगं चाकापाशी वाकलं होतं, बुटाची नाडी बांधत. मला दिसलंच नाही. बसमधल्या मदतनीस बाईनं आरडाओरडा केला म्हणून थांबलो. ती समजली मी फोनमध्ये बघत होतो. मीही हो म्हटलं." त्यानं फोनकडे बोट दाखवलं, "बंद कर ते."

तिनं फोन बंद केला. दादा उठून बाहेर गेला. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं नसतं तर बरं, असंही तेव्हा वाटून गेलं.

शाळा पुढच्या सोमवारी उघडणार होती.

दुसऱ्या दिवशी वहिनी हं-बाईंकडे गेली. नाव न घेता तिनं विचारलं, की एखाद्यानं मुलाखतीत असं काही सांगितलं ज्यानं लहान मुलांच्या जिवावर बेतेल, तर दिलेल्या शब्दाचं काय करायचं? बाई म्हणे प्रथमच हं म्हणाल्या नाहीत.

"तिथे शब्द पाळायचा नसतो," त्या म्हणाल्या. "शब्द देतानाच ते समोरच्याला सांगायचं असतं. ते आपलं पुढच्या आठवड्यात होतं."

म्हणजे वचन कसं द्यायचं ते शिकवून झालं होतं, ते कधी मोडायचं तो तास अजून व्हायचा होता. वहिनीनं मला हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं नाही. हसण्यासारखं होतं, तरीही.

संध्याकाळी ती दादासमोर उभी राहिली. "अहो, शाळा उघडायच्या आत तिथल्या साहेबांना सांगा."

"तू वाचून दाखवलंस, तुझ्यापाशीच राहील म्हणून."

"वाचलं. चुकीचं वाचलं."

"मी जपून चालवतो."

"तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन."

"आणि मग मी काय करू? घरी बसून तुला मुलाखती देऊ?" तो माझ्याकडे वळला. "तू रे? एरवी बडबडतोस ना?"

"दादा, मी येतो तुझ्याबरोबर," मी म्हणालो. याहून शहाणं काही सुचलं नाही.

तो चार दिवस वहिनीशी बोलला नाही. शनिवारी एकटाच गेला, बसच्या किल्ल्या साहेबांच्या टेबलावर ठेवून आला. दुसऱ्या कामाचं साहेब "बघू" म्हणाले. त्यांच्या त्या बघूचा अर्थ आम्हाला अजून लागलेला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांचं मात्र स्वच्छ होतं. काचबिंदू. बाजूची गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती औषधानं टिकवायची. वर्षभर आधी यायला हवं होतं, असंही ते म्हणाले. डॉक्टरांनी हे वाक्य सांगायचं टाळलं असतं तरी चाललं असतं.

वहिनीनं ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. बाईंना द्यायला काहीतरी हवं म्हणून घाईघाईनं माझी मुलाखत घेतली. मी तासभर अखंड बोललो. बालपण, दुसरं बालपण, नोकरीतले शत्रू, सगळं आलं. हं-बाईंनी ते ऐकून एवढंच विचारलं, "यांना प्रश्न विचारला होता का?" तिघांत वहिनीचं नाव आलं नाही. वर्गातल्या पोरांनी तिची समजूत घातली आणि तिचा डबा संपवला.

आता सकाळ-संध्याकाळ दादा खिडकीपाशी खुर्चीत मान मागे टाकून बसतो आणि वहिनी औषधाची बाटली घेऊन त्याच्यावर वाकते.

"डोळा मिटू नका."

"मिटत नाही."

"मिटलात. गालावर गेलं सगळं."

"हात हलतो तुझा."

"मान वर करा."

सध्या त्या दोघांचं बोलणं एवढंच चालू आहे.