पुतळीचा सम्राट

केयूरचं हेही लग्न मोडेल, ही धास्ती माझ्या डोक्यातून जात नाही. रविवारी साखरपुडा आहे. मुलगी आगाशीची, उन्नती, शाळेत शिकवते. याआधीची स्थळं पोह्यांच्या बशीपाशीच परत गेली, कारण माझा मुलगा मुलीला काही विचारत नाही. खिशातून भिंग काढतो.

केयूर विमा कंपनीत कारकून आहे, पण ते पोटासाठी. मनाने तो नाणेतज्ज्ञ. नालासोपारा म्हणजे प्राचीन बंदर, इथे रोमन व्यापारी उतरत, हे त्याला कॉलेजात कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून बिल्डिंगच्या टाकीसाठी खड्डा खणला तरी हा कडेला उभा. टाकीत पाणी येत नाही याचं त्याला काही नाही. रोमन आले होते ना, मग झालं. कपाटात गंजलेले तुकडे पाकिटांत घालून ठेवलेत, प्रत्येकावर एका सम्राटाचं नाव. त्यातला एक सम्राट मी ओळखला. आमच्या जुन्या स्टोव्हचा वायसर होता.

उन्नतीने मात्र भिंग हातात घेतलं आणि हसली. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात तिच्या वडिलांनी, दयारामभाऊंनी, माळ्यावरच्या डब्यात सापडलेलं एक सोन्याचं नाणं पुढे केलं. केयूरने ते उलटसुलट पाहिलं.

"रोमन. अक्षरं बघा ना, रोमन आहेत. आणि हा मांडलिक राजा सम्राटापुढे गुडघे टेकून बसलाय."

"म्हणजे आमचे वाडवडील रोमला केळी पाठवायचे?" दयारामभाऊंनी विचारलं.

"शक्य आहे," माझा मुलगा म्हणाला.

तेव्हापासून दयारामभाऊ आपल्या केळीच्या वाडीबद्दल बोलेनासे झालेत, रोमबद्दल बोलतात. साखरपुड्याला त्यांनी वार्ताहर बोलावलाय. जावई, नाणं आणि ते स्वतः, असा फोटो छापून यायचाय.

घरी केयूरने मला त्या नाण्याचा फोटो दाखवला.

"अरे, ही पुतळी आहे," मी म्हटलं. "पुतळ्यांच्या माळेतली. तुझ्या आजीच्या गळ्यात होती तशी."

"आई, तू दागिना बघतेस. मी इतिहास बघतोय."

"इतिहासात बी.ए. मी आहे, तू कॉमर्सचा. व्हेनिसहून सोन्याची नाणी यायची, त्यांच्यावरून आपल्या सोनारांनी पुतळ्या पाडल्या. वर बघ, कडी घासून काढल्याची खूण."

"पण अक्षरं रोमन आहेत."

"नालासोपाऱ्याच्या स्टेशनवरच्या पाटीवरही आहेत."

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. तो फोटो मी शेजारच्या रेजिनाला दाखवला. ती म्हणाली, "उभा आहे तो संत आहे गं, डोक्यामागे वलय दिसतंय." हेही मी केयूरला सांगितलं. तो म्हणाला, सम्राटांनाही वलय असायचं.

वार्ताहराची मला भीती नाही. त्याला जेवण मिळालं की तो काहीही छापेल. भीती आहे ती आगाशीच्या बायकांची. साखरपुड्याला त्या ठेवणीतले दागिने घालून येणार. केयूर एक सम्राट हातात धरून भाषण करणार आणि समोर बसलेल्या एकेकीच्या गळ्यात तसलेच वीस सम्राट लोंबत असणार. एक जरी फिस्सकन हसली की दयारामभाऊंचा रोम बुडाला. आणि चारचौघांत हसं झालेला बाप त्या जावयाला मुलगी देईल, असं मला वाटत नाही.

दयारामभाऊंना सांगून उपयोग नाही; वाडवडिलांचा अपमान होईल. पण त्या दिवशी नाणं फिरत होतं तेव्हा उन्नतीची आई, चंद्रकांताताई, चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नाण्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि दयारामभाऊ म्हणाले, "साखर कमी आहे." त्या आत गेल्या. त्यांना काय बोलायचं होतं, ते मला पक्कं ठाऊक आहे. एवढ्या तज्ज्ञांत बाईमाणसाला कोण विचारतो.

सकाळी दयारामभाऊ वाडीत पाणी सोडायला जातात. ते बाहेर पडले की मी चंद्रकांताताईंना फोन करणार आहे. म्हणेन, ताई, तुमची पुतळ्यांची माळ रविवारी नको, शनिवारीच घाला. केयूरला जेवायला बोलवा, भिंगासकट. आणि वाढताना जरा वाकून वाढा.