लाल मथळ्यांचा धडा

“सर, तिसरा धडा सापडतच नाहीये!” संगणक-कक्षातून सुनंदा ओरडत होती. उद्या तिची परीक्षा. तिला दिसत नाही. संगणक पान वाचून दाखवतो आणि मथळ्यावरून मथळ्यावर नेतो. धड्यांचं पान बनवताना मी तर मथळे इतके मोठे आणि लालभडक केले होते, की चंद्रावरूनही वाचता यावेत. पण ‘हा मथळा आहे’ अशी खूण संगणकासाठी केलीच नव्हती. गावभर रोषणाई करावी आणि नवरदेव कोण ते भटजींनाच सांगू नये, तशी गत. रंग ज्याला दिसतो त्यालाच दिसतो, हे मला पन्नाशीत कळलं. लगेच बसून सगळा रंग पुसला, एकेका मथळ्याला खूण केली.

“पान अगदी बोडकं दिसतंय गं,” मी हळहळलो.

“सर, जरा थांबा. तिसरा धडा चालू आहे.”