मौनी खासदाराचं दीड मिनिट

आमच्या बाईंनी एकतीस वर्षं संसदेत दुसऱ्यांची भाषणं उतरवून घेतली. वडील अचानक गेले तेव्हा लघुलेखन शिकल्या, दोन्ही धाकट्या भावांना मार्गी लावलं आणि स्वतःच्या लग्नाचं राहूनच गेलं. का म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "सगळे बोलत होते, मी लिहीत होते. मला मधे बोलायला जागा कुठे होती?" जिभेला हाड नव्हतं बाईंच्या. माझी नोकरी कायम करायची की नाही, तो अहवालही त्याच लिहिणार होत्या. पहिले सहा महिने मला अन्न गोड लागलं नाही.

सभागृहाच्या मधोमध आमचं टेबल. दर पाच मिनिटांनी लिहिणारा बदलतो आणि पुढच्या पाळीचा माणूस थोडा आधीच येऊन शेजारी बसतो. नजर वहीत ठेवायची, कान सभागृहात.

तर एक खासदार होते, चार वर्षांत अवाक्षर न काढलेले. वर्तमानपत्रं कामगिरीचे तक्ते छापायची, त्यात यांची हजेरी भरपूर आणि भाषणं शून्य. आम्ही त्यांना मौनीबुवा म्हणायचो. एका दुपारी माझ्या पाळीत ते चक्क उठले. सगळं सभागृह वळून बघायला लागलं आणि मीही, बावळटासारखी, मान वर करून बघतच राहिले. दीड मिनिट बोलून ते बसले. माझी वही कोरी. बरं, ध्वनिमुद्रणातही काही नाही, कारण माइकचं बटण दाबायचं असतं हे त्या बिचाऱ्यांना कुठे ठाऊक.

त्यांचं एकुलतं एक भाषण मी घालवलं होतं. खोलीत आल्यावर मी बाईंना खरं ते सांगून टाकलं. त्यांनी माझी अशी काही हजेरी घेतली की कान लाल झाले. मग स्वतःची वही उघडून टाइप करायला बसल्या. पुढची पाळी त्यांचीच होती, शेजारी बसल्या बसल्या त्यांनी शब्दन् शब्द उतरवला होता.

संध्याकाळी मसुदा तपासायला मौनीबुवा स्वतःच आले. चष्मा लावून पुटपुटत वाचायला लागले. ‘आमच्या दवाखान्यात बाळंतपणाला खोली नाही. माझी सून व्हरांड्यात बाळंत झाली. मी पाठ फिरवून चादर धरून उभा होतो. एक खोली द्या.’

"चादरसुद्धा आलीय," ते म्हणाले. "माझा तर आवाजच फुटत नव्हता. लिहिलं कुणी?"

"हिची पाळी होती," बाई मान वर न करता म्हणाल्या.

मला राहवेना. "नाही हो, बाईंनी लिहिलं. मी नुसती तुमच्याकडे बघत बसले होते."

"ती तू होय? बाकीचे हसत होते, पोरी. तू ऐकत होतीस, म्हणून तर शेवटपर्यंत बोललो."

नोंद झाली म्हणून मंत्रालयाला लेखी उत्तर द्यावं लागलं. पुढच्या वर्षी दवाखान्यात खोली झाली.

माझ्या अहवालात बाईंनी लिहिलं होतं, ‘लक्ष भरकटतं. खोटं बोलत नाही. कायम करावे.’ बाई, तुमचे उपकार मी या जन्मी विसरणार नाही.