सुमनचं भाजणं

समोरच्या गच्चीवर शेजारची सुमन कुरडया घालतेय. खाण्याची वस्तू, म्हणून चपला जिन्यातच काढलेल्या. फरशीचा चटका बसला की "भाजलं गं बाई!" म्हणत ती टाकीच्या सावलीत पळते आणि हसते. मला तिच्या त्या भाजण्याचाच हेवा वाटतो. तिचं सावलीत थांबतं. माझे तळवे गार पाण्यातही जळतात. डॉक्टरांनी नसांच्या दुखण्यावर नवी गोळी दिलीय, पण "सुरुवातीला गुंगी येईल" म्हणाले. त्या भीतीने पाकीट अजून तसंच पडलंय.

"काकू, या ना इकडे!" सुमन हाक मारते.

"चपला काढाव्या लागतील ना," मी तुसडेपणाने म्हणते.

"मग काढा की!"

किती सहज म्हणाली मेली! मी उठले आणि पाकीट फोडलं.